43 सामने, 3 गोल: तारेमीच्या इंटरमधल्या मोसमाचं मोजमाप कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इराणचा स्ट्रायकर मेहदी तारेमी पोर्तुगालच्या पोर्तो क्लबमध्ये चार वर्षं सातत्याने गोल करत होता. 2024 मध्ये तो इंटर मिलानला गेला आणि पूर्ण मोसमात 43 सामन्यांत फक्त 3 गोल झाले. त्याचं वय झालं होतं, की इंटरने त्याला नीट वापरलं नाही? आणि तिशी ओलांडलेल्या अशा स्ट्रायकरला पारखायचं कसं?

आधी निकाल सांगतो. गोल करणारा म्हणून तारेमीचा तो मोसम वाईटच गेला, आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पाठ गोलकडे ठेवून चेंडू घेणं आणि पुढच्याला मोकळं करणं हे त्याचं दुसरं काम मात्र शेवटपर्यंत शाबूत होतं. युरोपातल्या त्या वर्षीच्या सर्वात मोठ्या सामन्यांपैकी एक त्याच कामावर फिरला. त्याला दहापैकी एकच आकडा देऊन मोकळं होणारा माणूस या दोनपैकी एका बाजूला चुकणार. मी विभागून गुण देईन: फिनिशिंगला, म्हणजे संधीचा गोल करण्याला 4, जोडणीच्या खेळाला 7, प्रेसिंगला, म्हणजे चेंडू समोरच्याकडे असताना त्याच्यावर दबाव आणण्याला 6. हे गुण कसे आले ते आता सविस्तर पाहू.

सुरुवात गोलांपासूनच करावी लागते. ते 3 गोल वेगळे काढा. पहिला 1 ऑक्टोबर 2024 ला चॅम्पियन्स लीगमध्ये रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध, पेनल्टीवर. दुसरा 6 जानेवारी 2025 ला रियाधमध्ये, इटालियन सुपर कपच्या अंतिम सामन्यात एसी मिलानविरुद्ध, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला. तिसरा जानेवारीच्याच शेवटी लेच्चेविरुद्ध लीगमध्ये, पुन्हा पेनल्टी. म्हणजे चालू खेळातला गोल फक्त एक, आणि त्या सामन्यातही 2-0 अशी आघाडी घेऊन इंटर 3-2 हरलं. कुठल्याही स्ट्रायकरचा हिशेब पेनल्टी वगळूनच मांडायचा, कारण एका पेनल्टीची गोल होण्याची शक्यता साधारण 76 ते 79 टक्के असते. ती मारायला कोण उभा राहतो हे संघातल्या क्रमावर ठरतं, त्या खेळाडूच्या फॉर्मवर नाही.

इथेच पोर्तो आणि इंटर यांची सरळ तुलना फसते. पोर्तोमध्ये 182 सामन्यांत 91 गोल, म्हणजे दोन सामन्यांमागे बरोबर एक. इंटरमध्ये सामन्यामागे 0.07. आकडे भयंकर दिसतात. पण पोर्तोमध्ये तो पेनल्टीही मारायचा. 2022-23 मध्ये तो 22 गोलांसह पोर्तुगीज लीगमध्ये अव्वल ठरला, त्यातले काही गोल पेनल्टीचे होते. त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये लेव्हरकुसेनला जाऊन त्याने जे दोन गोल केले, ते दोन्ही पेनल्टीवरचे. इंटरमध्ये पेनल्टी हाकान चाल्हानोग्लूच्या. तो मैदानात नसेल तेव्हाच दुसऱ्या कुणाचा नंबर. त्यामुळे तुलना करायची तर दोन्हीकडून पेनल्टी वजा करा, आणि सामन्यांच्या संख्येने न भागता मिनिटांनी भागा. सूत्र साधं आहे: पेनल्टी सोडून केलेले गोल, भागिले खेळलेली मिनिटं, गुणिले 90. तसं केल्यावर दरी कमी होते. ती भरून मात्र निघत नाही, आणि म्हणूनच मी फिनिशिंगला 4 च देतो.

मिनिटांचा मुद्दा लोक समजतात त्याहून गुंतागुंतीचा आहे. सुपर कप, कोपा इटालिया आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंतचा सगळा प्रवास धरला, तर इंटरने त्या मोसमात क्लब विश्वचषकाआधी 59 सामने खेळले. तारेमी त्यातल्या 43 मध्ये दिसला, पण लीगमध्ये बहुतेक वेळा बदली म्हणून. बदली खेळाडूची मिनिटं आणि सुरुवातीपासून खेळलेली मिनिटं एकाच पिशवीत टाकू नका, दोन रकाने करा. संघ पिछाडीवर असताना 70 व्या मिनिटाला उतरणाऱ्याला दमलेला, पसरलेला बचाव मिळतो आणि त्याचे 90 मिनिटांमागचे आकडे फुगतात. संघ 2-0 पुढे असताना 78 व्या मिनिटाला उतरणाऱ्याला चेंडू कोपऱ्याकडे नेऊन वेळ काढायचा असतो, त्याचे आकडे आक्रसतात. म्हणून बदलीच्या प्रत्येक प्रवेशासमोर तीन गोष्टी लिहा: मिनिट, तेव्हाचा गोलफलक आणि तो कुणाच्या जागी आला. पाचपन्नास नोंदी झाल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं. वीस मिनिटांपेक्षा कमी खेळलेल्या सामन्यांत ॲपवर खेळाडूला मिळणारं रेटिंग तर सरळ खोडून टाका. इतक्या थोड्या वेळात ते सुरुवातीच्या आकड्याभोवतीच घुटमळतं.

अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी, या आकड्यावर बरेच जण आता निर्धास्त विसंबतात. तो उपयोगी आहे, पण नमुना लहान असेल तर दगा देतो. समजा एखाद्या राखीव स्ट्रायकरच्या मोसमभरातल्या फटक्यांची बेरीज 5 अपेक्षित गोल झाली. तरीही निव्वळ योगायोगाने त्याचे 3 किंवा त्याहून कमी गोल होण्याची शक्यता जवळजवळ 26 टक्के असते. चारपैकी एका राखीव स्ट्रायकरवर, त्याची काही चूक नसताना, तो संपला असा शिक्का बसेल. 1 किंवा 0 गोल होण्याची शक्यता मात्र 4 टक्क्यांच्या आसपास येते, तिथे काहीतरी खरंच बिघडलंय असं म्हणायला जागा आहे. म्हणून आधी फटक्यांची संख्या पाहा, एक्सजी नंतर. स्ट्रायकरचं वय झालं की नेम लगेच जात नाही. तो फटका मारायच्या जागी पोहोचण्याचं प्रमाण आधी घटतं. फटके तेवढेच आणि गोल कमी असतील तर मोसम वाईट. फटकेच कमी झाले तर पाय मंदावलेत, किंवा भूमिका बदलली आहे.

तारेमीच्या बाबतीत हे दोन्ही घडलं असं माझं मत आहे, आणि सुरुवात मिलानमध्ये झाली नव्हती. इंटरमधल्या मोसमाचं परीक्षण पोर्तोमधल्या शेवटच्या मोसमापासून करायला हवं. लीगमधले त्याचे गोल क्रमाने मांडा: 2020-21 मध्ये 16, मग 20, मग 22, आणि 2023-24 मध्ये एकदम 6. त्याआधीच्या उन्हाळ्यात एसी मिलानशी जवळपास ठरलेला करार शेवटच्या दिवशी फिसकटला. करार संपत आलेलं वर्ष, मधेच जानेवारी-फेब्रुवारीतला आशिया कप. तिथे सीरियाविरुद्ध गोल करून तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि जपानविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना मुकला. इंटरने जुलै 2024 मध्ये त्याला फुकटात घेतलं तेव्हा तो 32 वर्षांचा होत होता, जन्म 18 जुलै 1992, बुशेहर. म्हणजे 22 गोलवाला तारेमी इंटरला मिळालाच नव्हता, 6 गोलवाला मिळाला होता. क्लबला हे ठाऊक होतं. निराश झाले ते जुने आकडे पाहून आशा लावून बसलेले चाहते.

आता मुख्य गोष्ट, जी आकड्यांत जवळजवळ दिसतच नाही: जोडीदार.

तारेमी मुळात दुसरा स्ट्रायकर आहे, म्हणजे सर्वात पुढच्या गड्याच्या किंचित मागे खेळणारा. प्रशिक्षक सेर्जियो कोन्सेसाओच्या पोर्तोमध्ये 4-4-2 होतं: चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन स्ट्रायकर. त्याच्या पुढे मुसा मारेगासारखा ताकदीने पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावणारा गडी असायचा. तो बचाव खाली रेटायचा, आणि बचावफळी व मध्यफळी यांच्यामध्ये जी पट्टी मोकळी व्हायची, तिथे तारेमी चेंडू घ्यायचा. एका स्पर्शात चेंडू सोडायचा, वळायचा, आणि पेनल्टी बॉक्समध्ये सगळ्यात शेवटी, बचावपटूच्या नजरेच्या मागून शिरायचा. त्याच्या गोलांचं रहस्य त्या उशिरा शिरण्यात होतं. वेग त्याच्याकडे कधीच फारसा नव्हता.

प्रशिक्षक सिमोने इन्झागीच्या इंटरमध्ये 3-5-2. दोन स्ट्रायकर होते, त्यामुळे कागदावर जागा तयार होती. पण पहिली जोडी ठरलेली: लाउतारो मार्टिनेझ आणि मार्कस थुराम. थुराम धावणारा, लाउतारो खाली येऊन खेळ जोडणारा आणि बॉक्समध्ये संपवणारा. तारेमी उतरायचा तो तीन वेगवेगळ्या जोड्यांत, आणि तिन्हींचा परिणाम वेगळा. थुरामसोबत तो उत्तम बसायचा, कारण थुराम बचाव ताणायचा. लाउतारोसोबत दोघेही एकाच पट्टीत चेंडू मागायचे, वर कुणीच उरायचं नाही. आणि मार्को अर्नाउटोविच किंवा होआकिन कोरेयासोबत, म्हणजे पूर्ण राखीव जोडीत, दोघांनाही चेंडू पायात हवा असायचा. मागच्या जागेत धावायला कुणी नाही, प्रतिस्पर्ध्याची बचावफळी निवांत पंधरा पावलं वर येऊन उभी, आणि ती मधली पट्टीच नाहीशी. तारेमीची जी एक हुकमी कला, तिला लागणारी जमीनच काढून घेतली जायची. अर्नाउटोविचने कमी सामन्यांत त्याच्यापेक्षा जास्त गोल केले हे खरं आहे आणि ते तारेमीच्या विरोधात जातं. पण अर्नाउटोविच बॉक्समध्ये ठाण मांडणारा आहे, त्याला त्या पट्टीची गरज लागत नाही.

याला एक सन्माननीय अपवाद म्हणजे रेड स्टारविरुद्धचा 4-0 सामना. तिथे तारेमी आणि अर्नाउटोविच सोबत उतरले, तारेमीचे दोन असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) आणि एक पेनल्टी गोल. प्रतिस्पर्धी कमकुवत होता, जागा भरपूर मिळत होती. त्या एका रात्रीवरून पुढच्या मोसमाचा अंदाज बांधणारे चुकले. तारेमी तसाच खेळला होता, समोरचे संघ बदलले.

आता ज्या कामाला मी 7 दिले त्याकडे येऊ. ते पाहायला असिस्टचा रकाना पुरत नाही. काही उदाहरणं घ्या. 6 नोव्हेंबर 2024, आर्सेनलविरुद्ध 1-0. एकमेव गोल चाल्हानोग्लूच्या पेनल्टीवर. ती पेनल्टी मिळाली कारण बॉक्समध्ये तारेमीने वळवलेला चेंडू मिकेल मेरिनोच्या हाताला लागला. 11 मार्च 2025, फेयेनूर्दविरुद्ध परतीचा सामना, 2-1. तिथली पेनल्टीसुद्धा तारेमीला पाडल्यामुळे. दोन्ही गोल चाल्हानोग्लूच्या नावावर, आणि अधिकृत हिशेबात तारेमीचं नाव कुठेच नाही, कारण पेनल्टी मिळवणं हे बहुतेक अधिकृत नोंदींत असिस्ट धरलं जात नाही. पेनल्टी मिळवण्याची ही कला त्याच्याकडे जुनी आहे. मार्च 2021 मध्ये युव्हेंटसविरुद्ध तुरिनमध्ये पोर्तोला मिळालेली पेनल्टीही त्याच्यामुळेच, आणि त्याच सामन्यात चेंडू लाथाडल्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड घेऊन तो बाहेरही गेला. पोर्तुगालमध्ये त्याच्यावर सहज पडतो म्हणून टीका व्हायची, ती पूर्ण निराधार नव्हती. पण अंग चेंडू आणि बचावपटू यांच्या मधे नेमक्या क्षणी घालणं ही कसबाचीच गोष्ट आहे, आणि वयाबरोबर ती उलट धारदार होते. मूल्यमापनाच्या तक्त्यात तिचा वेगळा रकाना ठेवा.

आणि मग 6 मे 2025 ची, मिलानमधल्या सान सिरो मैदानावरची रात्र. चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरी, बार्सिलोनाविरुद्ध परतीचा सामना. पहिल्या सामन्यात 3-3 बरोबरी होती, तिथे लाउतारो मध्यंतराला जायबंदी होऊन बाहेर गेला तेव्हा त्याच्या जागी तारेमी आला होता. मिलानमध्येही उत्तरार्धात लाउतारो थकला, तेव्हा पुन्हा तारेमीच. गोलफलक 2-2, मग राफिन्याने बार्सिलोनाला पुढे नेलं, भरपाई वेळेत आचेर्बीने बरोबरी साधली, जादा वेळ सुरू झाला. 99 व्या मिनिटाला थुरामने उजव्या बाजूने बचावपटूला झुलवत, रेटत चेंडू बॉक्समध्ये दिला. तारेमीची पाठ गोलकडे, मागे बचावपटू चिकटलेला. तासभर बाकावरून सामना पाहिलेला तरुण स्ट्रायकर तिथे वळून फटका मारायचा मोह आवरत नाही. तारेमीने चेंडू थांबवला नाही, वळलाही नाही. हलक्या स्पर्शाने मागून येणाऱ्या दाविदे फ्रात्तेसीच्या वाटेत ठेवला. फ्रात्तेसीने क्षणभर दम धरून डाव्या पायाने कोपरा साधला. 4-3, एकूण 7-6, इंटर अंतिम फेरीत.

तो क्षण पाच वेळा पाहा, आणि प्रत्येक वेळी चेंडूऐवजी तारेमीचे पाय पाहा. थुराम रेषेकडे पोहोचेपर्यंत तो गोलकडे धावत नाही, अर्धं पाऊल मागे सरकतो. त्याने बचावपटूला स्वतःकडे ओढलं आणि पेनल्टी स्पॉटच्या आसपासची जागा रिकामी केली. मूल्यमापनात यालाच मी जोडणी म्हणतो. वर सांगितलेली जोडीदाराची गोष्टही इथे सिद्ध होते: बाजूला थुराम होता म्हणूनच हे घडलं.

याची दुसरी बाजूही लिहायलाच हवी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात थुराम जायबंदी असताना इंटर लागोपाठ तीन सामने हरलं: लीगमध्ये बोलोन्याकडून 0-1, कोपा इटालियात एसी मिलानकडून 0-3, पुन्हा लीगमध्ये रोमाकडून 0-1. तीन सामन्यांत एकही गोल नाही. इंटरची लीग शेवटी एका गुणाने हुकली, नापोली 82, इंटर 81. राखीव स्ट्रायकर ज्या दिवसांसाठी पोसायचे ते हेच दिवस, आणि तेव्हा राखीव फळीतल्या कुणालाही गोल करता आला नाही. यात तारेमी एकटा दोषी नाही. पण संघाने बदली स्ट्रायकरकडून वर्षभरात लीगमध्ये किमान पाचसहा गोलांची अपेक्षा ठेवणं रास्त आहे, आणि त्याने एक केला. 31 मे ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिसविरुद्ध 0-5 असा चुराडा होत असतानाही इन्झागीने त्याला बाकावरून उठवलं नाही. प्रशिक्षकाचा विश्वास तेवढाच होता.

तरीही नेम गेला होता असं मी म्हणणार नाही. 25 मार्च 2025 ला, म्हणजे फेयेनूर्दविरुद्धच्या त्या सामन्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, तेहरानमध्ये इराण उझबेकिस्तानविरुद्ध दोनदा पिछाडीवर पडलं. दोन्ही वेळा बरोबरी साधून देणारा गोल तारेमीचा. 2-2, आणि इराण 2026 च्या विश्वचषकासाठी पात्र. तोच माणूस, तोच महिना. राष्ट्रीय संघात त्याला नव्वद मिनिटं मिळतात, तो कर्णधारासारखा वावरतो, चेंडू त्याला शोधत येतो. लय लागणारे खेळाडू आणि लय न लागता काम करणारे खेळाडू असे दोन प्रकार असतात. तारेमी पहिल्या प्रकारचा आहे. सामन्याचा पहिला अर्धा तास तो समोरच्या दोन्ही सेंटरबॅकची, म्हणजे मधल्या बचावपटूंची, उभं राहण्याची सवय टिपत असतो, आणि फळ दुसऱ्या हाफमध्ये घेतो. पंधरा मिनिटांसाठी उतरवलं तर तो अभ्यासच व्हायचा राहतो. तिशीनंतर अशा खेळाडूला बदली म्हणून विकत घेणं ही क्लबच्या निवडीतली चूक आहे, आणि ती मोसमाच्या मध्यावर दुरुस्त होत नाही.

तुम्हाला स्वतः पारखायचं असेल तर पद्धत अशी ठेवा. सामने आठवणीने निवडू नका, आठवणीत फक्त गाजलेले सामने राहतात. वेळापत्रक घ्या आणि त्याने खेळलेला दर चौथा सामना निवडा, दहाएक सामने पुरतात. भारतात बसून इटलीचे सामने पाहणाऱ्याची मुख्य अडचण वेळ. रात्रीचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात सव्वाबाराला, हिवाळ्यात सव्वाएकला सुरू होतो, त्यामुळे बहुतेकांचं मत सकाळी पाहिलेल्या दहा मिनिटांच्या क्षणचित्रांवर बनतं. क्षणचित्रांत पाठ गोलकडे ठेवून घेतलेले पंधरा पास नसतात. पूर्ण सामना पाहणं जमत नसेल तर त्याच्या खेळातली सलग तीस मिनिटं पाहा, पण सलग.

वही घ्या. पहिला रकाना: चेंडू मिळाला तेव्हा तोंड गोलकडे होतं की पाठ. दुसरा: पुढच्या स्पर्शाने चेंडू पुढे गेला, आडवा-मागे गेला, की गमावला. तारेमीसारख्याला पाठ गोलकडे असताना मिळालेल्या दहा चेंडूंपैकी सात टिकले पाहिजेत आणि निदान तीन पुढे गेले पाहिजेत. त्याखाली गेला तर त्याची मूळ उपयुक्तताच संपत आली असं समजा. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा: इंटरचे विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे) दिमार्को किंवा डम्फ्रीज क्रॉस, म्हणजे कडेवरून बॉक्समध्ये चेंडू द्यायला पाय उचलतात त्या क्षणी चित्र थांबवा आणि तारेमी कुठे आहे ते लिहा. जवळचा खांब, लांबचा खांब, पेनल्टी स्पॉट, की बॉक्सबाहेर. इंटरसारख्या विंगबॅकवर चालणाऱ्या संघात क्रॉसच्या वेळी स्ट्रायकर बॉक्सबाहेर सापडू लागला, की गोल आटतात. तारेमीचं इंटरमध्ये नेमकं इथेच अडलं. खाली येऊन चेंडू जोडून द्यायचा, आणि मग तीस यार्डांची धाव मारून बॉक्स गाठायचा, ही दुहेरी फेरी पंचविशीत होते. बत्तिशीत पहिला भाग होतो, दुसऱ्याला एक सेकंद उशीर होतो. तो एक सेकंद फक्त या तिसऱ्या रकान्यात सापडतो.

प्रेसिंगसाठी धावांची मोजणी करू नका. ज्येष्ठ खेळाडू कमी धावतो, म्हणून तो आळशी ठरत नाही. कोन पाहा. सेंटरबॅककडे जाताना तो सरळ जातो, की किंचित वाकडा, म्हणजे आपल्या सावलीत समोरचा बचावात्मक मध्यरक्षक झाकत? 18 सप्टेंबर 2024 ला मँचेस्टर सिटीच्या मैदानावर इंटरने 0-0 बरोबरी साधली. तारेमी तिथे थुरामसोबत सुरुवातीपासून खेळला, तो सामना या कोनाच्या अभ्यासासाठी चांगला आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे रुंद कोनातलं चित्रण मिळालं तर तेच घ्या.

इराणी खेळाडूंच्या बाबतीत प्रवास हाही एक रकाना ठेवावा लागतो. राष्ट्रीय संघाच्या प्रत्येक खिडकीत, म्हणजे क्लबचे सामने थांबवून राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत, तेहरान किंवा मध्य आशियापर्यंतची ये-जा, आणि परतल्यावर बहात्तर तासांच्या आत क्लबचा सामना. खिडकीनंतरच्या पहिल्या सामन्यातली कामगिरी वेगळी नोंदवा, तिशीपुढे हा फरक स्पष्ट दिसतो. जून 2025 मध्ये तर युद्धामुळे इराणचं हवाई क्षेत्र बंद झालं आणि तो तेहरानमध्ये अडकला, क्लब विश्वचषकाला पोहोचूच शकला नाही. नवा प्रशिक्षक क्रिस्तियन किवू पर्यायी स्ट्रायकर पाहत होता, ती संधी त्याच्या हातून मैदानात न उतरताच गेली.

जुन्या इराणी खेळाडूंशी तुलना करताना भूमिका जुळवून घ्या. अली दाई 1998-99 मध्ये बायर्न म्युनिकमध्ये 23 लीग सामन्यांत 6 गोल करून गेला. तोही राखीव फळीतला, तोही तिशीच्या उंबऱ्यावर. तारेमीच्या इंटरमधल्या वर्षाला खरी फूटपट्टी ती आहे, पोर्तोचे 91 गोल नव्हेत. आणि त्या फूटपट्टीवरही तारेमी कमी पडतो. मेहदी महदवीकियाने हॅम्बुर्गमध्ये उजव्या विंगवरून मागे सरकत कारकीर्द लांबवली, पण स्ट्रायकरला मागे सरकायला तेवढी जागा नसते.

आपल्याकडच्या वाचकांना तारेमी अगदी परका नाही. 8 सप्टेंबर 2015 ला बंगळूरला विश्वचषक पात्रता सामन्यात इराणने भारताला 3-0 हरवलं, त्यातला एक गोल त्याचा. गोव्यातल्या फातोर्ड्याला एफसी गोवाने 2021 मध्ये इराणच्या पर्सेपोलिसशी दोन सामने खेळले, आणि पुण्यात बालेवाडीला मुंबई सिटीने 2023 मध्ये नस्साजी माझंदरानशी. ते सामने पाहिलेल्यांना इराणी लीगमधली शरीराची झुंज ठाऊक आहे. तारेमी पर्सेपोलिसमधून सलग दोन मोसम त्या लीगचा अव्वल गोलकर्ता होता. पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरायची सवय तिथली.

ऑगस्ट 2025 च्या शेवटी तो ऑलिंपियाकोसला गेला. तिथे होसे लुईस मेंडिलिबारच्या संघात अयूब अल काबी हा बॉक्समध्ये ठाण मांडणारा स्ट्रायकर आहे, म्हणजे जोडीदाराचा प्रश्न पुन्हा तोच, फक्त उत्तर बरं आहे: अल काबी सेंटरबॅकना गुंतवून ठेवतो आणि तारेमी मागून येतो. 26 नोव्हेंबर 2025 ला पिरेयसला रेआल माद्रिदविरुद्धच्या 3-4 सामन्यात त्याने उत्तरार्धात डोक्याने केलेला गोल काढून पाहा. क्रॉस सुटण्याच्या क्षणी चित्र थांबवा आणि तिसऱ्या रकान्यात लिहा: बॉक्सच्या आत.